अपेक्षाभंगाचा अभ्यास : व्हॅम्पायर, प्रेम आणि माफ झालेली किंमत

मेसच्या टेबलावर कोणाच्या हातात 'ट्वायलाइट' दिसलं की दोनच प्रतिक्रिया येतात. पहिली, "हे काय वाचतेयस?" आणि दुसरी, जरा हळू आवाजात, "झालं की मला दे." मी दुसऱ्या गटातली. प्रेमकादंबऱ्या आणि अर्बन फँटसी, म्हणजे आजच्या शहरात व्हॅम्पायर, नरलांडगे, जादूगार फिरतात अशा कादंबऱ्या, मी आवडीने वाचते. आवडीने वाचते म्हणूनच त्यातल्या बऱ्याच कादंबऱ्या संपवल्यावर चिडचिडही माझीच होते.

ही चिडचिड नेमकी कशाची, याचा हा अभ्यास आहे. "असली पुस्तकं टुकारच असतात" हे उत्तर मला पटत नाही. एखादा पूल पडला तर 'पूल ही वस्तूच वाईट' असा रिपोर्ट कोणी लिहीत नाही. डिझाइन काय होतं, लोड किती गृहीत धरला होता, मटेरियल कुठे कमी पडलं, हे बघतात. पुस्तकाच्या बाबतीतही तेच करून बघू.

आधी स्पेसिफिकेशन

वस्तू नापास ठरवायची तर आधी तिने काय करायचं ठरलं होतं ते माहीत हवं. अमेरिकेतल्या प्रेमकादंबरीकारांच्या संघटनेने प्रेमकादंबरीची व्याख्या दोनच अटींत बसवली : मध्यभागी प्रेमकथा हवी आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशादायक हवा. पामेला रेजिस या अभ्यासिकेने २००३ च्या 'अ नॅचरल हिस्टरी ऑफ द रोमान्स नॉव्हेल' या पुस्तकात हेच अधिक बारकाईने मांडलं. तिच्या मते प्रेमकादंबरीत आठ घटक लागतात : ज्यात काहीतरी बिघडलेलं आहे असा समाज, दोघांची भेट, अडथळा, आकर्षण, प्रेमाची कबुली, सगळं संपलं असं वाटायला लावणारा क्षण, अडथळा दूर करणारी उमज आणि शेवटी एकत्र येण्याचा निर्णय. क्रम बदलला तरी चालतो, पण घटक गाळून चालत नाही. अगदी आपल्या सिलॅबससारखं!

यातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा घटक अडथळा. शेवट गोड होणार हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असतं. मग तो पुढे का वाचतो? 'कसं होणार' हे बघायला. म्हणजे अडथळा जितका खरा, तितका तो गोड शेवट मोलाचा.

वाचकांना हे कळत नाही असं समजू नका. जॅनिस रॅडवे यांनी अमेरिकेतल्या एका गावात, प्रेमकादंबऱ्या नियमित वाचणाऱ्या बायकांशी बोलून १९८४ मध्ये 'रीडिंग द रोमान्स' हे पुस्तक लिहिलं. त्यात आदर्श प्रेमकादंबरीवर एक प्रकरण आहे आणि फसलेल्या प्रेमकादंबरीवर दुसरं. या बायका पुस्तकाच्या दुकानातल्या एका जाणकार बाईचा सल्ला घेऊन पुस्तकं निवडायच्या, चांगलं-वाईट ठरवायच्या आणि नायकाचा क्रूरपणा कुठवर चालेल यावर त्यांची ठाम मतं होती. 'काहीही वाचतात' हा शेरा मारणाऱ्यांनी ते पुस्तक जरूर बघावं.

आता अर्बन फँटसीचं स्पेसिफिकेशन. इथे दोन गोष्टींचं आश्वासन असतं : शहर खरं असेल आणि जादूला नियम असतील. ब्रँडन सँडरसन या फँटसी लेखकाने २००७ मध्ये याबद्दल एक सूत्र मांडलं. त्याचा आशय असा की, जादू वापरून कथेतली अडचण सोडवायची असेल तर ती जादू वाचकाला आधी जितकी समजलेली असेल, तितकंच ते उत्तर समाधानकारक वाटतं. आपल्या भाषेत सांगायचं तर फॉर्म्युला आधी द्या, मग गणित सोडवा. शेवटच्या ओळीत नवीन कॉन्स्टंट आणून उत्तर जुळवलं तर सर मार्क देत नाहीत, वाचकाने का द्यावेत?

दोन्ही मिळून माझा एकच निकष तयार होतो. प्रेमात अडथळा खरा हवा आणि जादूला किंमत खरी हवी. जी कादंबरी सांगितलेली किंमत ऐन वेळी माफ करते, ती निराश करते. आता दोन गाजलेल्या उदाहरणांवर हे तपासू. कथेतली गुपितं फुटणार आहेत, तेवढी तयारी ठेवा.

केस पहिली : अनिता ब्लेक

लॉरेल के. हॅमिल्टन यांची 'गिल्टी प्लेझर्स' १९९३ मध्ये आली. शहर सेंट लुइस. या जगात व्हॅम्पायरना कायद्याने नागरिक मानलंय. नायिका अनिता ब्लेक हिची नोकरी म्हणजे मेलेल्यांना तात्पुरतं उठवणं. मृत्युपत्राचा वाद असला की वारस चक्क मयतालाच उठवून विचारतात! शिवाय गुन्हेगार व्हॅम्पायरना कायदेशीर मृत्युदंड देण्याचं कामही तिच्याकडे. कल्पना किती मजेदार आहे बघा. भुताखेतांची गोष्ट, पण त्यात ऑफिस आहे, बॉस आहे, अपॉइंटमेंट आहेत.

आणि जादूला रेट कार्ड आहे. प्रेत जितकं जुनं तितका बळी मोठा. नुकत्याच गेलेल्या माणसासाठी कोंबडी, जुन्यासाठी बकरा. दुसऱ्या पुस्तकात, 'द लाफिंग कॉर्प्स' (१९९४) मध्ये, एक श्रीमंत माणूस २८३ वर्षं जुनं प्रेत उठवायला दहा लाख डॉलर देऊ करतो. एवढ्या जुन्या प्रेताला बकरा पुरणार नाही, माणूस लागेल, हे अनिताला ठाऊक आहे. ती नाही म्हणते आणि त्या नकारातून संपूर्ण कादंबरी उभी राहते. एक नियम, त्याची एक किंमत, ती द्यायला एक नकार. बस्स! एवढ्यावर तीनशे पानं हातातून सुटत नाहीत.

आता दहाव्या पुस्तकाकडे या, 'नार्सिसस इन चेन्स', २००१. इथे अनिताला एक अलौकिक भूक जडते. ठरावीक वेळाने शरीरसंबंध ठेवला नाही तर ती भूक तिच्यावर स्वार होते. इथून मालिका बदलते. गुन्ह्याचा तपास मागे पडतो, अनिताच्या शक्ती वाढत जातात आणि जोडीदारांची संख्याही. अनेक जुने वाचक इथेच उतरले.

पुस्तकात शृंगार वाढला म्हणून ते उतरले, असं सोपं स्पष्टीकरण दिलं जातं. मला ते अपुरं वाटतं. आधीच्या अनिताकडे नकार होता. कोणाला जवळ करायचं, कोणाला नाही, हा तिचा निर्णय होता आणि तो तिला महाग पडायचा. भूक आल्यावर निर्णयच उरला नाही. जे करायचं ते 'करावंच लागतं'. नायिकेला 'नाही' म्हणता येत नसेल तर तिच्या 'हो'ला काय किंमत? प्रेमकथेतला अडथळा गेला, जादूची किंमत गेली आणि राहिलं काय, तर वाढत जाणारी शक्ती. लोड नसलेल्या बीमची जाडी वाढवत बसण्यासारखं.

केस दुसरी : ब्रेकिंग डॉन

स्टेफनी मायर यांच्या 'ट्वायलाइट' मालिकेची चार मुख्य पुस्तकं २००५ ते २००८ या चार वर्षांत आली. जगभरात दहा कोटींहून जास्त प्रती खपल्या. फोर्क्स नावाचं पावसाळी गाव, बेला नावाची शाळकरी मुलगी, एडवर्ड नावाचा व्हॅम्पायर. फोर्क्स हे काही शहर नव्हे, त्यामुळे काटेकोरपणे ही अर्बन फँटसी नाही, अलौकिक प्रेमकथा म्हणावी लागेल. पण आपल्या हॉस्टेलच्या कपाटात दोन्ही एकाच फळीवर असतात, म्हणून इथे घेतली.

पहिली तीन पुस्तकं आपल्याला एक हिशोब सांगतात. बेलाला व्हॅम्पायर व्हायचंय. त्याच्या किमती तीन. एक, नवा व्हॅम्पायर सुरुवातीचा बराच काळ रक्ताच्या तहानेने पिसाट असतो, त्याचं माणूसपण हरवतं. दोन, आईवडिलांना कायमचं सोडावं लागेल. तीन, तिच्यावर जीव टाकणारा जेकब, तिचा नरलांडगा मित्र, कायमचा दुखावेल. तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी ती जेकबसाठी रडते तेव्हा ते रडणं खरं वाटतं, कारण किंमत खरी वाटते.

चौथ्या पुस्तकात काय होतं? बाळंतपणात बेला मरणाच्या दारात जाते, हे मान्य. तेवढी एक किंमत लेखिकेने वसूल केली आहे. पण पुढे? बेला व्हॅम्पायर होते आणि पहिल्याच दिवसापासून तिचा स्वतःवर उत्तम ताबा असतो. पहिली किंमत माफ. वडील चार्ली थोडंफार सत्य पचवून तिच्या आयुष्यात राहतात. दुसरी माफ. आणि जेकबचं मन बेलाच्या नवजात मुलीशी जन्माचं बांधलं जातं, त्यामुळे त्याचं दुःख एका क्षणात नाहीसं होतं. तिसरीही माफ! हा प्रसंग तर बऱ्याच वाचकांना माफीपेक्षाही विचित्र वाटला, तो भाग वेगळा.

कळस शेवटी आहे. व्हॅम्पायरांची सत्ताधारी मंडळी, व्होल्तुरी, सैन्य घेऊन येतात. जगभरातून बेलाच्या बाजूने व्हॅम्पायर गोळा झालेले, प्रत्येकाची वेगळी शक्ती, बेलाने सराव केलेला. शेकडो पानांची तयारी. आणि मग एक साक्षीदार येतो, गैरसमज दूर होतो, सगळे आपापल्या घरी जातात. लढाई नाही. वर्षभर सबमिशनची तयारी करावी आणि शेवटच्या दिवशी नोटीस लागावी की सर्वांना पास केलं आहे! आनंद होतो, पण केलेल्या जर्नलकडे बघवत नाही. २०१२ च्या चित्रपटात शेवटी लढाई घातली, तीसुद्धा एका पात्राला दिसलेलं भविष्य म्हणून. थिएटरच्या पडद्यालाही तो रिकामेपणा झेपला नसावा.

नारायण धारपांची 'लुचाई' वाचून मोठा झालेला मराठी वाचक इथे जास्तच बिचकतो. स्टीफन किंगच्या १९७५ मधल्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली ती कादंबरी. तिथे रक्तपिपासू म्हणजे धोका, आणि धोक्याशी गाठ पडली की माणसं गमवावी लागतात. व्हॅम्पायर प्रेमळ असायला माझी हरकत नाही. पण धोक्याची पाटी लावून दार उघडलं तर आत काहीतरी असावं, एवढंच.

इंजिनचा भाग कोणी काढला?

इथपर्यंत फक्त आपली करमणूक पणाला लागली होती. आता जरा गंभीर.

तिसऱ्या पुस्तकात, 'इक्लिप्स' (२००७) मध्ये, बेलाला जेकबला भेटायला जायचंय. एडवर्डला ते धोक्याचं वाटतं. तो काय करतो? तिच्या गाडीच्या इंजिनचा एक भाग काढून घेतो. गाडी सुरूच होत नाही. पुढे तिच्यावर लक्ष ठेवायला तो आपल्या बहिणीला नेमतो आणि त्याबद्दल बहिणीला पोर्श गाडी देतो. बेला चिडते, खोलीची खिडकी आपटून बंद करते. आणि झोपण्याआधी परत उघडते. एडवर्ड नंतर माघार घेतो, हेही सांगायला हवं. पण कादंबरीचा एकूण सूर असा, की हे सगळं काळजीपोटी होतं. त्याच पुस्तकात जेकब बेलाच्या मनाविरुद्ध तिचं चुंबन घेतो, आणि तिचे वडील जेकबचंच कौतुक करतात.

आपल्यातल्या मेकॅनिकलवाल्यांना विचारते : दुसऱ्याच्या गाडीचा पार्ट न विचारता काढून घेण्याला आपण काय म्हणतो? काळजी म्हणतो का?

मायर यांनी 'ट्वायलाइट'मागे 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची प्रेरणा असल्याचं सांगितलेलं आहे. मग तुलना करूच. जेन ऑस्टेनची ही कादंबरी १८१३ ची. जवळजवळ मध्यावर डार्सी एलिझाबेथला मागणी घालतो आणि ती स्पष्ट नकार देते. दुसऱ्या दिवशी तो एक पत्र तिच्या हातात देतो, आरोपांची उत्तरं देतो आणि निघून जातो. पिच्छा नाही, रुसवा नाही, कोणामार्फत दबाव नाही. तिची धाकटी बहीण संकटात सापडते तेव्हा पदरचे पैसे खर्चून ते मिटवतो आणि हे तिला कळू नये अशीच व्यवस्था करतो. शेवटी पुन्हा विचारतो तेव्हाही, तिचं मन बदललं नसेल तर हा विषय कायमचा बंद, हे आधी सांगतो. अडथळा दोघांचा स्वभाव होता, आणि दोघांनी बदलून तो ओलांडला. किंमत दिली. दोनशे वर्षांहून जास्त काळ पुस्तक टिकलंय ते उगाच नाही.

हे मी इथे मुद्दाम लिहितेय. नकार मिळाल्यावरही मेसेज करत राहणारा, वर्गाबाहेर थांबणारा मुलगा आणि "कर रे, हो म्हणेल ती" असं सांगणारे त्याचे मित्र, हे चित्र कुठल्याही कॅम्पसला नवीन नाही. पुस्तक वाचून कोणी असं वागायला लागतं, असं मी म्हणत नाही. पण 'नाही' हा शब्द म्हणजे पहिली पायरी, असं शंभर गोष्टींनी सांगितलं की तो शब्द बोथट होतो. चांगली प्रेमकादंबरी त्या शब्दाला धार लावते. म्हणून फसलेली प्रेमकादंबरी मला नुसती कंटाळवाणी वाटत नाही, तिचं वाईटही वाटतं.

भाग काढून बघा

इंजिनचा विषय निघालाच आहे तर एक चाचणी सुचवते. कादंबरीतला अलौकिक भाग काढून बघा. गोष्ट चालली तर तो भाग शोभेचा होता.

याचा प्रयोग प्रत्यक्षात झालेला आहे. ई. एल. जेम्स यांची 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' (२०११) मुळात 'ट्वायलाइट'च्या पात्रांवर एका चाहतीने रचलेली गोष्ट होती. व्हॅम्पायर काढला, जागी अब्जाधीश बसवला. गोष्ट तशीच चालली आणि तुफान खपली! म्हणजे मूळ यंत्र कशावर चालत होतं? तर बलवान, श्रीमंत, सगळं नियंत्रण स्वतःकडे ठेवणारा पुरुष या इंधनावर. दात नुसते रंगकाम होते.

उलट एमा बुल यांची 'वॉर फॉर द ओक्स' (१९८७) घ्या. अर्बन फँटसीच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांपैकी ही एक. मिनिआपोलिस शहर, रॉक बँडमध्ये गाणारी एडी आणि यक्षलोकातल्या दोन दरबारांचं युद्ध. अट अशी की रणांगणावर मर्त्य माणूस हजर असेल तरच या अमरांना मरण येऊ शकतं. म्हणून त्यांना एडी हवी. यातून माणूस काढा, युद्धच होत नाही. शहर काढा, गाणं उरत नाही. प्रत्येक पार्टवर लोड आहे.

जिम बुचर यांच्या हॅरी ड्रेस्डेन मालिकेचंही तसंच. पहिलं पुस्तक २००० चं, शहर शिकागो. या जादूगाराच्या आसपास आधुनिक यंत्रं बिघडतात, म्हणून तो जुनाट फोक्सवॅगन बीटल चालवतो. आपल्या लॅबमध्ये त्याला कोणी उभं करणार नाही! नियम साधा, पण पुस्तकामागून पुस्तक पाळलेला. आणि बाराव्या पुस्तकात, 'चेंजेस' (२०१०) मध्ये, लेखक त्याच्याकडून घर, ऑफिस, गाडी, जपलेलं स्वातंत्र्य, सगळं एकेक करून वसूल करतो. वाचताना वाईट वाटतं, निराश मात्र वाटत नाही. या दोन भावना वेगळ्या आहेत.

एक अपवाद, आपल्या बाजूचाही दोष

प्रत्येक नाराजी लेखकाच्या खात्यावर टाकणं बरोबर नाही. शार्लेन हॅरिस यांची सुकी स्टॅकहाउस मालिका २००१ ते २०१३, तेरा कादंबऱ्या. लुइझियानातल्या लहान गावात वेट्रेसचं काम करणारी सुकी दुसऱ्यांचे विचार ऐकू शकते आणि त्यामुळे वैतागलेली असते. व्हॅम्पायरचं मन तिला ऐकू येत नाही, म्हणून त्याच्या सहवासात शांतता मिळते. काय सुंदर अडथळा आणि काय सुंदर आकर्षण, एकाच नियमातून!

शेवटच्या पुस्तकात सुकी देखण्या व्हॅम्पायर एरिककडे जात नाही, बारचा मालक सॅमच्या बाजूला झुकते. असंख्य वाचक प्रचंड चिडले. शेवट घाईत उरकलाय, हे मलाही वाटतं. पण फसवणूक? नाही. सुकीला ऊन आवडतं, अंगणात उन्हात पडून राहणं हे तिचं सुख, हे लेखिका पहिल्यापासून सांगत होती. एरिकला दिवस ठाऊक नाही, सॅमला आहे. कबूल केलेलं न मिळणं वेगळं आणि मला हवं होतं ते न मिळणं वेगळं. पहिल्यात पुस्तक नापास होतं. दुसऱ्यात आपण जरा मोठे होतो.

थोडक्यात काय तर

पुढच्या वेळी एखादी कादंबरी मिटवून उशीखाली फेकाल तेव्हा स्वतःला चार प्रश्न विचारा.

१. अडथळा खरा होता की दोन मिनिटं नीट बोलले असते तर मिटला असता?

२. जादूची जी किंमत सांगितली ती कोणी भरली, की ऐन वेळी माफ झाली?

३. नायिकेच्या आणि नायकाच्या 'नाही'ला गोष्टीत वजन होतं का?

४. शहर, जादू, व्हॅम्पायर यातलं एकेक काढलं तर गोष्ट कोसळते का?

चारही उत्तरं बरी आली तर पुस्तक चांगलं आहे, मुखपृष्ठावर कितीही चमकदार दात असोत. आणि नाही आली, तरी कोणाला ते वाचल्याची लाज वाटायचं कारण नाही. पडलेल्या पुलावरून आपल्या शाखेतले लोक जितकं शिकले, तितकं उभ्या पुलावरून क्वचितच शिकले असतील.

तेव्हा मित्रांनो, मेसच्या टेबलावर पुस्तक उघडं ठेवून वाचा. कोणी "हे काय वाचतेयस?" म्हणालं तर त्याला हे चार प्रश्न द्या आणि त्याच्या आवडत्या सिनेमाला लावून बघायला सांगा. बऱ्याच हिरोंच्या हातात कोणाच्या ना कोणाच्या इंजिनचा भाग सापडेल.